पंप बिघडला, की पोहोचलाच नाही? यीस्टच्या पीएमए१ जनुकातील म्युटेशन कसं तपासावं

‘म्युटंटमध्ये एन्झाइमची क्रिया १५ टक्क्यांवर आली.’ एमएस्सीच्या प्रकल्पांत आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या अहवालांत हे वाक्य हमखास सापडतं. (म्युटेशन म्हणजे जनुकाच्या क्रमातला बदल, म्युटंट म्हणजे तो बदल असलेली पेशी किंवा प्रथिन.) वाक्य खरं असतं, पण त्यातून फारसं काही कळत नाही. प्रथिन कमी तयार झालं? तयार झालं, पण घडी नीट बसली नाही? घडी बसली, पण पेशीपटलापर्यंत पोहोचलं नाही? पोहोचलं, पण एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तोडेना? की एटीपी तोडतंय आणि पंप मात्र रिकामाच फिरतोय? पाच वेगळ्या बिघाडांचा आकडा एकच येऊ शकतो.

हा लेख त्या पाच शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या याबद्दल आहे. उदाहरण घेतलंय बेकरीच्या यीस्टमधल्या, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमधल्या, पीएमए१ या जनुकाचं. पेशीपटलातल्या एन्झाइमवर म्युटेशनचा परिणाम शिकायला याहून चांगलं जनुक मला तरी माहीत नाही.

आधी यंत्राची ओळख

साखर पचवताना यीस्टच्या पेशीत हायड्रोजन आयन साचत जातात. ते बाहेर फेकणारा पंप म्हणजे पीएमए१ हे प्रथिन. एक एटीपी खर्ची पडतो, एक हायड्रोजन आयन बाहेर जातो. त्यामुळे पेशीपटलाच्या आतबाहेर सामूचा आणि विद्युतभाराचा जो फरक तयार होतो, त्याच्या जोरावर पेशी अमिनो आम्लं, पोटॅशियम आणि इतर पोषकद्रव्यं आत ओढते. पंप बंद म्हणजे पेशी मेली. जनुक काढून टाकलं की यीस्ट जगत नाही. पीएमए२ नावाचा एक भाऊबंद आहे, प्रथिनाची रचना जवळपास ९० टक्के तीच, पण नेहमीच्या वाढीत तो इतका कमी चालू असतो की वेळेला उपयोगी पडत नाही.

पीएमए१ची लांबी ९१८ अमिनो आम्लं, वजन सुमारे १०० किलोडाल्टन. साखळी पेशीपटलातून दहा वेळा आरपार जाते, दोन्ही टोकं पेशीच्या आत. सेरानो, कीलँड-ब्रांट आणि फिंक यांनी या जनुकाचा क्रम १९८६ मध्ये प्रसिद्ध केला आणि एक गोष्ट स्पष्ट झाली: हा पंप आपल्या ओळखीच्या घराण्यातला आहे. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेला सोडियम-पोटॅशियम पंप, ज्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं, तो याच घराण्यातला. जठरात आम्ल सोडणारा पंपही याच घराण्यातला. ॲसिडिटीवर आपण ओमेप्राझोलची गोळी घेतो ती त्याला थांबवण्यासाठी. या सगळ्यांत एटीपीचा फॉस्फेट काही क्षण ॲस्पार्टेट या अमिनो आम्लावर चिकटतो. पीएमए१मध्ये तो ३७८ व्या जागी आहे.

पंप एकटाही फिरत नाही. २०२१ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने दाखवलं की तो सहा-सहाच्या गटात, षटकोनी कड्यात बसतो. ही माहिती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: जागा निवडताना उत्तराची कल्पना असू द्या

घराण्यातल्या इतर पंपांच्या क्रमाशी पीएमए१चा क्रम जुळवून बघा. सगळीकडे तेच असलेलं अमिनो आम्ल बदललं तर बहुधा सगळंच कोसळतं, आणि कोसळलेल्या प्रथिनातून यंत्रणा शिकता येत नाही. म्हणून एका जागी एकच बदल करू नका. निदान तीन करा: एक सौम्य (आकार जवळपास तोच, भार वेगळा), एक ॲलानिन, आणि एक मुद्दाम उलटा (धनभाराच्या जागी ऋणभार). नंतर तुलना याच तिघांत होते.

बदल प्रायमर (हवा तो बदल असलेला डीएनएचा छोटा तुकडा) वापरून पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने) करायचा. जनुकाचा सांकेतिक भाग २७५७ बेस लांब आहे, त्यामुळे पूर्ण जनुकावर पीसीआर न करता छोटा तुकडा बदलून तो मूळ प्लाझ्मिडमध्ये (जनुक वाहून नेणाऱ्या छोट्या गोल डीएनएमध्ये) परत बसवणं बरं. मग तो तुकडा पूर्ण सिक्वेन्स करा. फक्त बदललेली जागा वाचून समाधान मानणारे पुढे पस्तावतात.

आणखी एक सवय लावून घ्या. म्युटेशनच्या शेजारी अमिनो आम्ल न बदलणारा एक मूक बदल करा, ज्याने डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एखाद्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमची नवी कापण्याची जागा तयार होईल. ही तुमची खूण. तिचं कारण लगेच पुढे.

दुसरी पायरी: पेशी मरू न देता जनुक बिघडवायचं

जनुक अत्यावश्यक असल्यामुळे सरळ बदली करता येत नाही. दोन मार्ग रूढ आहेत.

एक म्हणजे प्लाझ्मिडची अदलाबदल. गुणसूत्रावरचं पीएमए१ काढलेलं असतं, आणि यूआरए३ या जनुकाची खूण असलेल्या प्लाझ्मिडवरचं चांगलं जनुक पेशीला जगवत असतं. त्यात दुसरं, म्युटंट असलेलं प्लाझ्मिड घालायचं आणि पेशी ५-फ्लुओरो-ऑरोटिक आम्लाच्या प्लेटवर पसरायच्या. यूआरए३ असलेल्या पेशी तिथे मरतात, म्हणजे वाढतील त्या फक्त म्युटंटच्या भरवशावर. अजिबात वाढलं नाही, तर म्युटेशन मारक आहे.

दुसरा मार्ग गॅलॅक्टोजचा. गुणसूत्रावरचं चांगलं पीएमए१ गॅल१ प्रमोटरखाली (जनुकाच्या चालू-बंद बटणाखाली) ठेवलेलं असतं. गॅलॅक्टोजमध्ये ते चालू, ग्लुकोजमध्ये बंद. मारक म्युटेशनचा अभ्यास याच मार्गाने होतो.

आता खुणेचं कारण. एकाच पेशीत चांगलं आणि बिघडलेलं, अशा जवळपास सारख्या दोन प्रती असल्या की यीस्ट चांगल्या प्रतीवरून बिघडलेली दुरुस्त करून घेतं. याला जनुक-रूपांतरण म्हणतात. मारक म्युटेशनवर तर निवडीचा दाब इतका असतो की दुरुस्त झालेली एखादीच पेशी दोन दिवसांत अख्खी प्लेट व्यापते. पीएमए१च्या इतिहासात याने भल्याभल्यांना फसवलंय. माझाही एक ‘जगणारा’ म्युटंट चार महिन्यांनी अगदी सुदृढ मूळ जनुक निघाला होता. त्या चार महिन्यांच्या वह्या अजून कपाटात आहेत. म्हणून नियम: प्रयोगाच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी यीस्टमधून प्लाझ्मिड परत काढा, खूण तपासा, क्रम वाचा.

भारतात काम करत असाल तर जनुकबदलाच्या प्रयोगासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. साधे यीस्ट स्ट्रेन (वाण) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहाकडे मिळतात. पीएमए१चे खास बांधलेले स्ट्रेन मात्र बहुधा ते बनवणाऱ्या प्रयोगशाळेलाच पत्र लिहून मागवावे लागतात.

तिसरी पायरी: प्लेटवरची चाचणी

स्वस्त, झटपट आणि बोलकी. पेशींचे दहा-दहा पट पातळ केलेले थेंब, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर, वेगवेगळ्या प्लेटवर ठेवायचे. निवडायच्या प्लेट अशा: साधी, सामू ३ च्या आसपासची आम्ल, अमोनियम जास्त असलेली, ३७ अंशांवर ठेवलेली, आणि हायग्रोमायसिन बी या प्रतिजैविकाची.

कमजोर पंपाचा म्युटंट आम्ल प्लेटवर आणि जादा अमोनियमवर अडखळतो. हायग्रोमायसिनवर मात्र उलटंच घडतं: तो मूळ यीस्टपेक्षा चांगला वाढतो! कारण सोपं आहे. हायग्रोमायसिनवर धनभार असतो आणि पेशीच्या आतला ऋण विद्युतदाब त्याला आत खेचतो. पंप मंदावला की हा दाब उतरतो आणि विष कमी शिरतं. १९८७ मध्ये मॅककस्कर, पर्लिन आणि हेबर यांनी हाच गुण वापरून पीएमए१चे म्युटंट वेचले.

इथे दोन हमखास होणाऱ्या चुका. स्ट्रेन बांधताना हायग्रोमायसिनची खूण आधीच वापरलेली असेल, तर ही चाचणी निरर्थक आहे. स्ट्रेनचा जीनोटाइप वाचा. आणि आम्ल प्लेट बनवताना आगार व आम्ल एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका. आम्लात उकळलेलं आगार फुटतं आणि प्लेट गोठतच नाही. दोन्ही वेगळे करून, कोमट असताना मिसळा.

प्लेटवरून पंप ‘कमजोर’ आहे एवढंच कळतं. का, ते अजिबात कळत नाही.

चौथी पायरी: प्रथिन कुठे आहे ते बघा

बरेचजण इथून थेट एन्झाइमच्या क्रियेकडे उडी मारतात. मला ही घाई कधीच पटली नाही. पटलातलं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत घडतं, तिथे त्याची घडी तपासली जाते, आणि पास झालेलंच पुढे जातं. म्युटेशनचा घाव पंपाच्या कामावर नव्हे, या तपासनाक्यावरच बसण्याची शक्यता मोठी असते.

इम्युनोफ्लुरोसन्सने, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या चमकत्या प्रतिपिंडांनी, बघा. चांगलं पीएमए१ पेशीच्या कडेने बांगडीसारखं दिसतं. अडकलेलं असेल तर केंद्रकाभोवती एक कडं आणि पेशीच्या आतल्या कडेला तुटक रेघा दिसतात, ही आंतर्द्रव्यजालिका. खात्रीसाठी सोबत कार२ या तिथल्या प्रथिनाची खूण लावा. कधी प्रथिन पुढे निघतं पण वाट चुकून रिक्तिकेत जाऊन पचून जातं. चँग आणि फिंक यांनी १९९५ मध्ये वर्णिलेला पीएमए१-७ हा तापमान-संवेदी म्युटंट याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे पंपापेक्षा प्रवासच बिघडलेला होता.

घडीची दुसरी चाचणी ट्रिप्सिनची, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची. नीट घडी बसलेलं प्रथिन थोड्या ट्रिप्सिनला दाद देत नाही, ठरावीक मोठे तुकडे टिकतात. विस्कटलेलं झटकन चिंध्या होऊन जातं.

वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून हवं ते प्रतिपिंडाने शोधणं) करताना नमुना उकळू नका. पेशीपटलातली अशी प्रथिनं उकळली की गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात आणि तुम्ही समजता की प्रथिन तयारच झालं नाही. ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं पुरेत. चमकणारं जीएफपी जोडायचं असेल तर प्रथिनाच्या शेपटीला (साखळीच्या शेवटाला) जोडताना दहादा विचार करा, कारण नियंत्रणाची किल्ली नेमकी शेपटीत आहे.

या पायरीचं महत्त्व दाखवणारं उदाहरण ३७८ व्या ॲस्पार्टेटचंच. ते बदललं की फॉस्फेट चिकटायची जागा गेली, म्हणून पंप बंद, असा सरळ निष्कर्ष कोणीही काढेल. प्रत्यक्षात ती म्युटंट प्रथिनं नीट घडी न बसल्याने आंतर्द्रव्यजालिकेतच अडकतात, आणि सोबत तयार होणाऱ्या चांगल्या पीएमए१लाही अडकवून ठेवतात. त्यामुळे चांगली प्रत असूनही पेशी मरते. एका नासक्या आंब्याने अढी खराब व्हावी तसा प्रकार. वर सांगितलेलं सहाचं कडं आठवा. जी प्रथिनं एकत्र राहणारी असतात, त्यांच्यात एकाच्या दोषाने बाकीची अडकली तर नवल नाही.

पाचवी पायरी: फक्त म्युटंट पंप असलेलं पटल मिळवा

गॅलॅक्टोज बंद केलं तरी आधी तयार झालेलं चांगलं पीएमए१ पेशीपटलात तासन्‌तास टिकून राहतं. मग मोजलेली क्रिया नव्याची की जुन्याची?

यावर नाकामोटो, राव आणि कॅरोलिन स्लेमन यांनी १९९१ मध्ये शोधलेली युक्ती मला आजही देखणी वाटते. एसईसी६-४ नावाचा स्ट्रेन घ्यायचा. त्यात तापमान वाढवलं की पेशीपटलाकडे निघालेल्या मालवाहू व्हेसिकल (पटलाच्या छोट्या पिशव्या) शेवटच्या टप्प्यावर अडतात आणि पेशीत साचतात. (रँडी शेकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या ज्या म्युटंटांच्या मालिकेवर २०१३ चं नोबेल गेलं, त्यातलाच हा एक.) म्युटंट पीएमए१ प्लाझ्मिडवर उष्णतेने चालू होणाऱ्या प्रमोटरखाली ठेवायचं. क्रम असा:

- २३ अंशांवर, २ टक्के गॅलॅक्टोजमध्ये पेशी मध्यम वाढीपर्यंत वाढवा.
- २ टक्के ग्लुकोजमध्ये हलवून ३ तास ठेवा. चांगलं जनुक बंद होतं.
- तापमान ३९ अंशांवर न्या, २ तास. म्युटंट जनुक चालू होतं आणि व्हेसिकल अडतात, दोन्ही एकाच खटक्यात.
- पेशीभित्तिका झायमोलेजने पचवून पेशी हळुवार फोडा आणि सेंट्रिफ्यूजने व्हेसिकल वेगळ्या करा.

जुनं पीएमए१ पेशीपटलात राहिलं, नवं व्हेसिकलमध्ये. शिवाय पंपाची एटीपी धरणारी बाजू व्हेसिकलच्या बाहेर असते, त्यामुळे बाहेरून एटीपी घातलं की पंप हायड्रोजन आयन आत भरू लागतो. रिकामं प्लाझ्मिड असलेला नमुना सोबत हवाच. त्यात दिसणारी थोडीशी क्रिया वजा करायची.

एक मर्यादा: इथे प्रथिन ३९ अंशांवर तयार होतं. २३ अंशांवर कदाचित नीट घडी घेणारा नाजूक म्युटंट इथे विनाकारण बदनाम होऊ शकतो. शंका आली तर वेगळ्या पद्धतीने पडताळा.

सहावी पायरी: एटीपी किती तुटतो?

मिश्रण साधारण असं: ५० मिलिमोलर एमईएस-ट्रिस, सामू ६.२५, ५ मिलिमोलर एटीपी, १० मिलिमोलर मॅग्नेशियम, ५ मिलिमोलर अझाइड. अझाइड तंतुकणिकेतला एटीपेज बंद ठेवतो. रिक्तिकेच्या पंपासाठी नायट्रेट आणि फुटकळ फॉस्फेटेजसाठी किंचित मॉलिब्डेट घालतात. प्रत्येक नमुन्याची जोडी करा, एकात १०० मायक्रोमोलर व्हॅनाडेट (पीएमए१ला थांबवणारं रसायन), दुसऱ्यात नाही. दोघांतला फरक म्हणजे पीएमए१ची क्रिया. अझाइड विषारी आहे. आम्लाशी येऊ देऊ नका आणि बेसिनमध्ये ओतू नका.

सुटलेला फॉस्फेट मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाने मोजायचा. ही पद्धत फिस्क आणि सुब्बाराव यांची, १९२५ सालची. त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातून हार्वर्डला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. शंभर वर्षं झाली तरी पद्धत प्रयोगशाळेत टिकून आहे.

व्हॅनाडेटचं द्रावण पिवळं-नारिंगी दिसत असेल तर त्याचे रेणू एकत्र जुळलेले आहेत आणि ते नीट काम करणार नाही. सामू १० करून, रंग जाईपर्यंत उकळून घ्या.

आणि आता खरा सापळा. म्युटंटवर व्हॅनाडेटचा परिणामच होत नसेल तर? ३६८ व्या सेरीनच्या जागी फिनाइलॲलानिन आलेला पीएमए१-१०५ हा हायग्रोमायसिनला दाद न देणारा म्युटंट अगदी असाच आहे. अशा वेळी ‘व्हॅनाडेटने थांबणारी क्रिया’ हा आकडा शून्याकडे झुकतो आणि पंप मात्र चालू असतो. म्हणून व्हॅनाडेटची एकच मात्रा न घेता पूर्ण आलेख काढा.

मिळालेली क्रिया एकूण प्रथिनावर भागू नका, व्हेसिकलमध्ये प्रत्यक्ष पोहोचलेल्या पीएमए१वर भागा. २० टक्के प्रथिन पोहोचलं आणि क्रिया २० टक्के असेल, तर पंप ठणठणीत आहे. त्रास वाहतुकीचा आहे.

सातवी पायरी: तोडणं आणि ढकलणं जुळतंय का

व्हेसिकलमध्ये ॲक्रिडीन ऑरेंज किंवा एसीएमए हे चमकणारे रंग घाला. आत आम्ल साचलं की चमक उतरते. शेवटी निजेरिसिन किंवा एफसीसीपी (हायड्रोजन आयनांना पटलातून वाट देणारी रसायनं) घालून चमक परत येते का बघा. आली नाही तर तुम्ही मोजलं ते आम्ल नव्हतंच. एटीपीची मात्रा बदलत तुटण्याचा वेग आडव्या अक्षावर आणि चमक उतरण्याचा वेग उभ्यावर मांडा. म्युटंटची रेघ मूळ यीस्टच्या रेघेवर पडली तर जोडणी शाबूत आहे. खाली घसरली तर एटीपी वाया जातोय, किंवा पटलच गळकं आहे. गळतीची चाचणी मूळ यीस्टच्या व्हेसिकलवरही करा.

आठवी पायरी: ग्लुकोजची किल्ली

ग्लुकोज मिळताच काही मिनिटांत पीएमए१ची क्रिया अनेक पटींनी वाढते. उपाशी पेशीत ती मंद असते. सेरानो यांनी हे १९८३ मध्ये दाखवलं. शेपटीची शेवटची ११ अमिनो आम्लं कापली की पंप उपाशी पेशीतही जोरात चालतो, म्हणजे शेपटी हा ब्रेक आहे. ९११ वं सेरीन आणि ९१२ वं थ्रिओनिन यांवर फॉस्फेट बसला की ब्रेक सुटतो. दोन्हींच्या जागी ॲलानिन घातलं तर ग्लुकोज देऊनही पंप जागा होत नाही.

प्रयोग करताना पेशी दोन भागांत विभागा, एक उपाशी, एक ग्लुकोज दिलेला, आणि दोन्ही एकदम थंड करून फोडा. ग्लुकोज दिलेल्या पेशी निवांतपणे पाण्याने धुतल्या, तर धुताधुताच त्या उपाशी पेशींसारख्या होतात. मोजा कमाल वेग, केएम (निम्म्या कमाल वेगाला लागणारी एटीपीची मात्रा) आणि योग्य सामू, तिन्ही. बाहेरच्या माध्यमाचा सामू उतरताना बघण्याची जुनी चाचणीही सोबत करा, थोडं पोटॅशियम क्लोराइड घालून. मात्र पेशी कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लंही सोडतात, त्यामुळे तो आकडा केवळ पंपाचा धरू नका.

नववी पायरी: दुसऱ्या म्युटेशनला विचारा

एखादी जागा महत्त्वाची का, हे एका म्युटेशनने क्वचितच सांगता येतं. पाचव्या पटल-पट्ट्यातलं ६९५ वं आर्जिनिन (धनभार) आणि सहाव्यातलं ७३० वं ॲस्पार्टेट (ऋणभार) बघा. यांपैकी एकाचाच भार काढला की प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत अडकतं. पण दोघांची अदलाबदल केली, किंवा दोघांच्याही जागी ॲलानिन घातलं, तर प्रथिन पुन्हा नीट घडतं, पोहोचतं आणि जवळपास पूर्ण वेगाने पंप करतं! स्लेमन यांच्या गटाचं हे १९९८ चं काम. यावरून दोन गोष्टी कळल्या: हे दोन भार एकमेकांना धरून बसलेले होते, आणि पंपिंगला त्यांपैकी एकही अनिवार्य नव्हता. जोडीदाराविना उरलेला एकटा भार पटलाच्या तेलकट पोटात घडी बिघडवत होता.

जोडीदार कोण हे माहीत नसेल तर तो यीस्टलाच शोधू द्या. कमजोर म्युटंटच्या भरपूर पेशी आम्ल प्लेटवर पसरा आणि वाढणाऱ्या वसाहती वेचा. काही मूळ रूपात परतलेल्या असतील, त्या सोडून द्या. उरलेल्यांत मूळ म्युटेशन जागेवर असून त्याच जनुकात दूर कुठेतरी दुसरा बदल झालेला सापडतो. पीएमए१-१०५च्या बाबतीत असे दुरुस्त करणारे बदल पटलातल्या पट्ट्यांत सापडले, जरी मूळ म्युटेशन पटलाबाहेरच्या, फॉस्फेट घेणाऱ्या भागात होतं. फॉस्फेटकडचा भाग आणि पटलातला भाग एकमेकांना ओढतात हे अशा प्रकारे उघड झालं.

वसाहतीतला तो दुसरा बदल स्वच्छ प्लाझ्मिडमध्ये पुन्हा बांधा, पहिल्याबरोबर आणि पहिल्याशिवायही. मग दोन्हींना चौथ्या पायरीपासून परत न्या, आणि दोन्ही वेळा शेवटी खूण तपासा.